रेडिओलॉजी टेक्नॉलॉजिस्ट: आपापले अनुभव लिहा

बारावीनंतर या क्षेत्रात यावं का, असं विचारणारे बरेच जण भेटतात. रोज हे काम करणाऱ्यांनीच मोकळेपणाने सांगावं. विभागही लिहा.

एक्स-रे, अपघात विभाग
बटण दाबायला क्षण पुरतो, सगळा वेळ जातो पोझिशनिंगला. छातीचा साधा पीए व्ह्यू, म्हणजे पाठीकडून पुढे किरण सोडून काढलेला एक्स-रे, घ्या. छाती डिटेक्टरला, म्हणजे चित्र टिपणाऱ्या पाटीला, टेकवायची, हनुवटी वर, हात कमरेवर, खांदे पुढे. म्हणजे खांद्याची पाती फुप्फुसांवरून बाजूला सरकतात. किरण सोडणारी ट्यूब सहा फुटांवर. मग "श्वास घ्या, रोखून धरा." अर्धवट श्वासात काढलेल्या एक्स-रेत हृदय उगाच मोठं दिसतं आणि नसलेल्या आजाराची शंका येते. डावा-उजवा मार्कर मी एक्सपोजरच्या आधीच लावते. नवीन मुलांनो, तो नंतर कॉम्प्युटरवर टाकायची सवय लावून घेऊ नका. मनगट मोडलेल्या माणसाला हात वळवायला सांगितला की दुखणारच, म्हणून आधी दोन शब्द बोलून घ्यायचे. हे पुस्तकात शिकवत नाहीत, पण माझ्या मते खरं कौशल्य तेच.

सीटी
घरचे रेडिएशनला घाबरतात, त्यांच्यासाठी लिहितो. किरणांच्या उगमापासूनचं अंतर दुप्पट केलं की डोस चौथाईवर येतो. कर्मचाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय शिफारस 5 वर्षांच्या सरासरीने वर्षाला जास्तीत जास्त 20 मिलिसिव्हर्टची (रेडिएशन डोसचं एकक) आहे, आणि कंट्रोल रूममधून काम करणाऱ्यांच्या डोस मोजणाऱ्या बॅजचं रीडिंग सहसा त्याच्या बरंच खाली असतं. पोर्टेबल (वॉर्डात नेऊन काढायचा एक्स-रे) आणि कॅथलॅबला (अँजिओग्राफीची खोली) मात्र जास्त जपा. लेड एप्रन घडी करून ठेवू नका, आतून चिरतो.

एमआरआय
स्कॅन चालू नसला तरी चुंबक चालूच असतं. पेसमेकर, ऑपरेशनमध्ये बसवलेली धातूची क्लिप, डोळ्यात कधी धातूचा कण गेला होता का, हे मी पेशंटला विचारते, मग नातेवाइकांनाही. ऑक्सिजन सिलिंडर दारातच अडवायचा, कितीही घाई असो.

शिकवणारा
भौतिकशास्त्र आणि जीवशास्त्र पक्कं हवं. डिप्लोमा असो की पदवी, प्रवेशाआधी दोन गोष्टी बघा: कोर्सला मान्यता आहे का, आणि पेशंटवर प्रत्यक्ष काम किती मिळतं. जमल्यास परवानगी काढून एखाद्या विभागात दिवसभर थांबा. रात्रपाळी, तासन्‌तास उभं राहणं, पेशंट उचलणं झेपेल का, ते तिथेच कळतं.

पुन्हा सीटी
एक राहिलंच. टेबलावरून उतरता उतरता पेशंट विचारतो, "काही निघालं का?" आपल्याला स्क्रीनवर दिसलेलं असतं, तरी निदान सांगायचं काम रेडिओलॉजिस्टचं. "रिपोर्ट डॉक्टर समजावून सांगतील," एवढंच शांतपणे म्हणायचं. गंभीर काही दिसलं तर मात्र पेशंटला सोडण्याआधी डॉक्टरांना फोन.