मागच्या पडवीत दारावरची बेल ऐकू येण्यासाठी सर्किट

प्रश्न (फोंडा)
आमचे घर चिऱ्याच्या जाड भिंतींचे आहे. बेल पुढच्या सोप्यात वाजते. आई मात्र दिवसभर मागच्या पडवीत असते आणि पत्र्यावर पाऊस कोसळू लागला की तिला काहीच ऐकू येत नाही. बिनतारी बेल लावून पाहिली, परंतु तिची रेंज तिथवर पोहोचत नाही. १५ मीटर वायर ओढून मागे दुसरी बेल वाजवता येईल का? आईचे हात बहुधा ओले असतात, म्हणून २३० व्होल्ट तिकडे नेण्याची माझी तयारी नाही.

उत्तर (म्हापसा)
दुसरी बेल पहिलीला समांतर जोडणे सर्वांत सोपे. पण तुमची अट पाहता तो मार्ग बाद होतो, आणि ती अट योग्यच आहे.

उत्तर (मडगाव)
ऑप्टोकपलर (विजेची जोडणी न करता, आतल्या प्रकाशाने सिग्नल पलीकडे देणारा भाग) वापरा, म्हणजे मेन्सचा (२३० व्होल्टचा) करंट मागच्या वायरमध्ये शिरणारच नाही. बेलच्या दोन टोकांना समांतर, ४७ किलोओहमचे एकेक वॅटचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये घालून पीसी८१७ या ऑप्टोकपलरची एलईडी जोडा, आणि त्या एलईडीला समांतर पण उलट दिशेने १एन४००७ डायोड लावा. रेझिस्टर दोन अशासाठी की व्होल्टेज विभागले जाते. पीसी८१७ च्या ट्रान्झिस्टरने ५५५ या टायमर आयसीची पिन २ (ट्रिगर) खाली ओढली जाईल. तीच पिन २२ किलोओहमने १२ व्होल्टला बांधा. टायमिंगसाठी १०० किलोओहम आणि ४७ मायक्रोफॅरड घेतल्यास १.१ × आर × सी या सूत्राने सुमारे ५ सेकंद मिळतात, त्यामुळे पाहुण्याने बटण क्षणभर दाबले तरी मागचा १२ व्होल्टचा बझर पुरेसा वेळ वाजतो. मेन्सची जोडणी मात्र मेन स्विच बंद करून, वायरमनकडूनच करून घ्या, आणि बोर्डावर दोन्ही बाजूंच्या ट्रॅकमध्ये निदान ६ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. आपल्याकडच्या दमट हवेत या बाबतीत तडजोड नको.

प्रश्नकर्ता
सर्किट चालले, मनापासून आभार! एकच अडचण आहे: वीज जाऊन परत आली की दारात कोणी नसतानाही बझर वाजतो आणि आई उठून दारापर्यंत जाते.

उत्तर (मडगाव)
सप्लाय येताच ५५५ स्वतःहून ट्रिगर होते. पिन ४ (रिसेट) थेट १२ व्होल्टला न जोडता १० किलोओहममधून जोडा आणि तिच्यापासून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा; तो थोडा भरेपर्यंत आयसी रिसेटमध्ये राहील आणि बझर गप्प बसेल.