राखणीचं कुत्रं वासरांच्याच मागे लागलंय, काय करू?

कपिलेचा_धनी
चौदा गाई, सहा वासरं. दिवसा मोकळं चरतात, रात्री कुंपणात. लांडग्यांनी दोन वासरं नेली म्हणून अनातोलियन शेफर्डचं पिल्लू आणलं. आता दहा महिन्यांचं आहे. दिवसभर गाईंजवळ शहाण्यासारखं पडून असतं, पण ऊन कललं की वासरांमागे धावतं, शेपटी धरतं. काल एका वासराच्या कानातून रक्त आलं. नुकती व्यालेली एक गाय तर त्याला पाहताच शिंगं रोखून येते. घरचे म्हणतात, देऊन टाक. माझं मन होत नाही.

रानगोठा
देऊ नका. अंगानं थोराड दिसलं तरी ते अजून पोर आहे. या कुत्र्यांवर दीड-दोन वर्षांआधी पूर्ण भरवसा टाकता येत नाही.

माझं पहिलं कुत्रं मी असंच गमावलं. त्याला वासरांत सोडून दिवसभर कामाला जायचे. खेळता खेळता त्यानं एका वासराचं शेपूट तोडलं आणि मी रागानं त्याला देऊन टाकलं. चूक माझी होती. ते अजून सलतं.

दुसऱ्या कुत्रीच्या वेळी वासरं आणि ती यांच्यामध्ये जाळी ठेवली. एकमेकांचा वास येतो, दिसतं, पण पाठलाग होत नाही. मोकळं सोडायचं ते मी समोर असतानाच, गळ्यात लांब दोरी ठेवून. संध्याकाळी अंगात वारं शिरतं, तेव्हा जाळीपलीकडे. एरवी तिला दोन म्हाताऱ्या, शांत गाईंसोबत ठेवायचे. त्या पळत नाहीत, आणि समोरचं पळालंच नाही तर खेळ रंगत नाही.

नजर ओळखायला शिका. चांगलं राखणीचं कुत्रं गुरांजवळ मान खाली घालून, कान पाडून, बाजूनं जातं. डोळे रोखून बघायला लागलं की तिथंच दरडावा, धावायची वाट बघू नका. रेमंड आणि लोर्ना कॉपिंजर यांनी अमेरिकेत १९७०च्या दशकापासून अशा कुत्र्यांचा अभ्यास केला. त्यांनी तीन गुण सांगितले: गुरांना इजा न करणं, कळपाजवळ राहणं आणि परक्याला अडवणं. तुमच्याकडे दुसरा आहे, तिसरा वयानं येईल. पहिल्यासाठीच सगळी मेहनत.

त्या गाईचं काही चुकत नाही. तिच्या लेखी लांडगा काय, कुत्रं काय, सारखंच. मेंढी बहुधा पळते, गाय उलटून अंगावर येते आणि तिची लाथ जबडा मोडते. वासरू जरा मोठं होईपर्यंत दोघांना वेगळं ठेवा. कुंपणाला खाली अशी फट ठेवा, की कुत्रं निसटेल पण गाय येणार नाही. त्याचं खाणंही फटीपलीकडेच. गुरं त्याच्या खाण्यात तोंड घालायला लागली की तिथं भांडण ठरलेलं.

दावण
एक गोष्ट राहिली. गाय व्याली की जार लगेच उचलून खोल पुरा, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. आमच्या तीन गाई गाभडल्या, तपासणीत निओस्पोरा निघाला. बाधित गाईची जार किंवा पडलेला गाभ कुत्र्यानं खाल्ला की हा परजीवी त्याच्या विष्ठेतून पडतो. ती विष्ठा वैरणीत-पाण्यात मिसळली की गाईंना लागण. गाईतून तो पोटातल्या वासरातही उतरतो. म्हणून वैरणीच्या गंजीवर कुत्र्याला झोपू देऊ नका. कच्चं मांस देऊ नका. जंताचं औषध आणि रेबीजची लस पशुवैद्याला विचारून वेळच्या वेळी.

कपिलेचा_धनी
गंजीवरच झोपतं आमचं! आज हलवतो. जाळीही आजच लावतो. त्याला सोबत म्हणून दुसरं पिल्लू आणू का?

रानगोठा
आता नको. दोन पोरं मिळून वासरांना जास्तच पळवतील. हे निवळू द्या, मग आणा. मोठं कुत्रं पिल्लाला बरंच दाखवतं. आणि रात्री भुंकलं तर गप्प करू नका, लांडगा त्या आवाजानंच लांबून वळतो. कान चावलेलं वासरू कसं आहे? जखमेवर माशा बसू देऊ नका.