कोर्टाची फाइल बघायला कारण का द्यायचं?

मुलुंडचा_सेक्रेटरी
आमची सोसायटी पुनर्विकासाला चाललीय. ज्या बिल्डरचं नाव पुढे आहे, त्याच्यावर दुसऱ्या एका सोसायटीने, काम चालू असताना सभासदांना द्यायचं पर्यायी घराचं भाडं थकवल्याचा दावा लावला होता. तो तडजोडीत मिटला. ई-कोर्ट्स या कोर्टांच्या साइटवर तारखा दिसतात आणि शेवटी ‘कन्सेंट टर्म्स फाइल्ड, सूट डिस्पोज्ड ऑफ’, म्हणजे तडजोडीच्या अटी दाखल, दावा निकाली. त्या टर्म्समध्ये काय ठरलं, तेच तर आम्हाला हवंय! नकलेचा अर्ज घेऊन गेलो. खिडकीवरून पहिला प्रश्न: “पार्टी आहात? वकीलपत्र आहे?” नाही म्हटल्यावर अर्ज तस्साच परत सरकवला. “त्रयस्थ असाल तर कारण लिहून प्रतिज्ञापत्र जोडा, साहेबांपुढे ठेवू.”

खुल्या कोर्टात चाललेल्या दाव्याचा कागद फी भरेल त्याला मिळावा, हे माझं मत. सातबारा काढताना विचारतं का कोणी, कशाला हवाय म्हणून?

चाळकरी
माहितीच्या अधिकारात टाका की. १० रुपयांत काम.

काळा_डगला
होणार नाही. ४ मार्च २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, गुजरात हायकोर्टाच्या नियमांवरून. न्यायालयीन कागद हवा तर कोर्टाच्याच नियमांनी अर्ज करा, तिथे माहिती अधिकाराची आडवाट नाही.

आणि सेक्रेटरीसाहेब, सातबारा नि दाव्याची फाइल एका तागडीत नका घालू. फाइलमध्ये कैफियत म्हणजे प्रतिवादीचं लेखी उत्तर असतं, बँकेची पासबुकं असतात, एकमेकांवरचे वाट्टेल ते आरोप असतात, त्यातले निम्मे पुढे सिद्धही होत नाहीत. कारण विचारलं तर बिघडलं काय? दोन ओळी लिहा.

मुलुंडचा_सेक्रेटरी
दोन ओळी लिहायला हरकत नाही हो. त्या पुरेशा आहेत की नाहीत, हे ठरणार कशावर? पोलिसांचा एफआयआर सुप्रीम कोर्टाच्या २०१६ च्या आदेशाने साइटवर येतो, तोही सिद्ध न झालेला आरोपच ना?

काळा_डगला
अर्धंच सांगितलंत. आरोपपत्र साइटवर टाकायला त्याच सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मध्ये नकार दिला. नाजूक गुन्ह्यांचे एफआयआरही टाकत नाहीत.

वांद्र्याची_ताई
माझा घटस्फोट फॅमिली कोर्टात चार वर्षं चालला. नवऱ्याने माझ्या आजारपणावर तीन पानं लिहिली होती, औषधांच्या नावांसकट. उद्या स्टॅम्प लावून माझ्या ऑफिसातला कोणी ती नक्कल घेऊन आला तर? विचारू देत कारण. माझ्यासाठी विचारू देत.

मुलुंडचा_सेक्रेटरी
ताई, तुमचं शंभर टक्के पटलं. असे दावे बंद दाराआड चालवायची तरतूद कायद्यातच आहे, हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ बघा. ते कुलूप राहू दे. पण म्हणून बिल्डरच्या थकलेल्या भाड्यालाही तेच लावायचं?

निवृत्त_शिरस्तेदार
जरा आतलं सांगतो. सुतळीने बांधलेला गठ्ठा सोडायचा, पानं मोजायची, झेरॉक्स काढून मूळ कागदाशी ताडायची, सही-शिक्का करायचा, पुन्हा बांधायचा. एखादी निशाणी, म्हणजे पुराव्याचा क्रमांक पडलेला कागद, गहाळ झाली तर मान आमची. त्यात अपिलाला निघालेला पक्षकार रांगेत उभा असतो. हौशी माणसं आधी घेतली तर त्याने जायचं कुठे?

चाळकरी
दादा, नक्कल मिळण्यात गेलेले दिवस अपिलाच्या मुदतीत धरत नाहीत. मुदत कायद्याचं कलम १२.

निवृत्त_शिरस्तेदार
मुदत थांबते. घर खाली करायचा हुकूम झालेल्या माणसाची झोप थांबते का?

फोर्टातला_वार्ताहर
मुंबईचाच दाखला देतो. १९६४ साली हायकोर्टात अब्रुनुकसानीच्या दाव्यात न्यायाधीशांनी तोंडी सांगितलं, या साक्षीदाराची जबानी छापायची नाही. ‘ब्लिट्झ’चे वार्ताहर मिरजकर सुप्रीम कोर्टात गेले. १९६६ ला नऊ न्यायाधीशांचा निकाल आला: न्याय उघड्यावर चालला पाहिजे हे मान्य, आणि बहुमताने तो मनाईचा आदेशही कायम. दोघंही हाच निकाल आपल्या बाजूने वाचू शकता, खुशाल वाचा. मी सेक्रेटरींच्या बाजूचा. नऊ न्यायाधीशांपुढे गेलेला प्रश्न आज खिडकीवरचा कारकून अर्ज सरकवून निकाली काढतो, हे मला खुपतं.

काळा_डगला
हे मात्र खरं. अर्ज नाकारायचाच तर साहेबांनी त्यावर शेरा मारून नाकारावा, खिडकीवर नाही. सेक्रेटरीसाहेब, एक करा. तडजोडीवर हुकूमनामा (डिक्री) झालाय, म्हणजे टर्म्स त्याचाच भाग. अख्खी फाइल मागू नका, हुकूमनामा आणि सोबतच्या टर्म्स एवढंच मागा. प्रतिज्ञापत्रात सोसायटीचा ठराव जोडा आणि किती सभासदांची घरं अडकणार ते लिहा.

मुलुंडचा_सेक्रेटरी
४२ घरं. सोमवारी जातो. कारण लिहीन, पटलेलं मात्र नाही.