ओळखीचा किनारा परका वाटू लागतो तेव्हा : विज्ञानकथा वाचल्याचे अनुभव

गुहागर : अंगावर काटा आणणाऱ्या विज्ञानकथा मी पूर्वी विरंगुळा म्हणून वाचायचे. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी भरलं, माझं माहेरचं तळघर-दुकान सगळं गेलं, आणि त्याच कथा घरच्या वाटायला लागल्या. हवामानबदलाचे अहवाल सरासरी सांगतात. आपलंच अंगण परकं झालं की आत काय होतं, ते या कथा सांगतात. तुम्हाला असं पुस्तक भेटलं असेल तर जरूर लिहा.

श्रीवर्धन : जेफ व्हँडरमीरची ‘अ‍ॅनायहिलेशन’ (२०१४). किनाऱ्याचा एक पट्टा, त्यात दीपगृह, आणि सीमेपलीकडे निसर्ग आपल्या हिशेबाने चालत नाही. तिथे गेलेली जीवशास्त्रज्ञ जमिनीखालच्या बुरुजात उतरते. भिंतीवर बुरशीसारखी जिवंत अक्षरं उगवलेली असतात. ती वाचायला जवळ जाते, बीजाणू नाकात जातात, आणि मगच तिला कळतं की ती भिंत श्वास घेतेय. बाधा झाल्याशिवाय खरं दिसत नाही.

हे मला कुणी समजावायला नको. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या वाडीवरून गेलं. रोठा सुपारीची झाडं कमरेत मोडली. दुसऱ्या दिवशी पडवीतून समुद्र दिसत होता. आजोबांच्या वेळेपासून तिथून तो नुसता ऐकू यायचा. वाचलेली जायफळं आणि मिरीचे वेल पुढे सावली गेल्याने उन्हात करपले. मला त्याची जास्त भीती वाटली. वादळ निघून गेलं होतं आणि झाडं मरतच होती.

अलिबाग, खारेपाट : माझा थोडा विरोध आहे. जे. जी. बॅलर्डच्या ‘द ड्राउन्ड वर्ल्ड’मध्ये (१९६२) लंडन पाण्याखाली आहे. कादंबरी मला फार आवडते, त्यातली दमट काहिली तर आमच्या मे महिन्यातलीच. पण कारण काय, तर सूर्यावरची वादळं. माणसाचा हात कुठेच नाही. आमच्याकडे उधाणाला बांधाला खांड पडते, खारं पाणी शिरतं, भात होत नाही, आणि काही वर्षांत तिथे तिवरं उभी राहतात. सातबाऱ्यावर भातशेती, जागेवर कांदळवन! पण खांड वेळेवर का बुजवली नाही, याचा जाब विचारता येतो. समुद्र कोळसा-तेल जाळल्यामुळे वर येतोय, हेही ठाऊक आहे. सगळंच गूढ म्हटलं की जबाबदार माणसं सुटतात.

गुहागर : दादा, मुद्दा पटला. फक्त एक सांगते, मेक्सिकोच्या आखातातल्या २०१० च्या तेलगळतीचा आपल्या लेखनावर परिणाम झाल्याचं व्हँडरमीर यांनी स्वतः सांगितलंय. म्हणजे त्या गूढाच्या मुळाशीही तेल आहेच.

देवगड : हिवाळ्यात कधी कधी रात्री लाटा निळ्या चमकतात, लोक व्हिडिओ काढायला धावतात. नॉक्टिल्युका हा एकपेशीय जीव पाणी ढवळलं की उजळतो. अरबी समुद्रात तो फोफावण्याचा संबंध संशोधकांनी हिमालय-तिबेटकडच्या घटत्या बर्फाशी लावलाय. बर्फ कमी झाला की हिवाळी वारे कोमट आणि दमट होतात, समुद्राचं पाणी नीट ढवळत नाही, खालचं पोषण वर येत नाही. अशा पाण्यात हा जीव मात्र तगतो. प्रत्येक चमक त्यामुळेच, असं नाही. तरी हे वाचल्यापासून स्तानिस्लाव लेमच्या ‘सोलारिस’ कादंबरीतला समुद्र डोक्यातून जात नाही. तोही सतत काहीतरी घडवत असतो, आणि माणसांना त्याचा अर्थ लागत नाही.

मालवण : ‘अ‍ॅनायहिलेशन’ची गोष्ट मी बाबांना मालवणीत सांगितली. ते रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, मासेमारीला जातात. सगळं ऐकून म्हणाले, “ह्यात बांगडो खंय गेलो ता काय नाय.” मग स्वतःच सांगत बसले, वारा कधी फिरायचा, पाण्याचा रंग कसा बदलायचा, माशांऐवजी जेलीफिशने भरलेली रापण ओढताना हात कसे चरचरले. मी ते मोबाईलवर रेकॉर्ड करतेय. लिहून काढलं की इथेच देते.