गाठीच्या लाकडाचा वाडगा: काठ का उडतो?

झाडाच्या फुगीर गाठीच्या लाकडाचा वाडगा लेथवर (लाकूड फिरवून कातायचे यंत्र) करताना, सालीसकट ठेवलेला काठ पातळ करताना सालीचा तुकडा उडाला, तर तो बहुतेक स्क्रेपरमुळे (लाकूड खरवडणारे हत्यार). गाठीत लाकडाच्या तंतूंच्या रेषा चहूकडे वळलेल्या असतात, त्यामुळे स्क्रेपर सैल तंतू उपटतो. नुकतीच धार लावलेली बोल गाउज (वाडगा कोरायची खोबणीदार पटाशी) तिरकी धरून अर्ध्या मिलिमीटरचा काप घ्या.

त्याआधी लेथ थांबवून भेगांत पातळ सुपरग्लू मुरवा. फिकट लाकडावर त्याचे डाग पडतात, म्हणून आधी सँडिंग सीलरचा (लाकडाची छिद्रे बुजवणारा पातळ लेप) हात द्या. आतून कोरताना वरचे २-३ सेंटिमीटर अंतिम जाडीला आणूनच खाली उतरा. एकदा तळ पोकळ झाला की काठ थरथरतो, मग परत तिथे हत्यार लावू नका. पोकळ्या असलेल्या लाकडाला ६-७ मिमी जाडी राहू द्यावी. फेस शील्ड (चेहरा झाकणारे पारदर्शक कवच) हवीच, आणि काठाच्या रेषेत उभे राहू नका.