बापाने लेकराची माफी मागावी का?

सावेडीकर: जय ख्रिस्त मंडळी. रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या पौलाच्या इफिसकरांस पत्रातलं 6:4 घेतलं, 'बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका'. इथवर सगळे माना डोलवत होते. मग म्हणाले, रागाच्या भरात हात उचलला असेल तर रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेआधी पोराची माफी मागा. चर्चच्या आवारात लगेच कुरबुर सुरू! मी पाळकांच्या बाजूचा. शिक्षा जरूर करा, सायकल काढून घ्या, मोबाईल बंद करा. पण ऑफिसातल्या साहेबावरचा राग पोराच्या पाठीवर निघाला तर ते पाप, आणि ते कबूल करताना समोरच्याचं वय बघायचं नसतं.

शलमोनभक्त: बायबलातलं नीतिसूत्रे 13:24 विसरलात? छडी आवरणारा मुलाचा वैरी. जुन्या करारातल्या एली याजकाची, म्हणजे पुरोहिताची, पोरं अर्पणाचं मांस लुबाडायची, दर्शनमंडपाच्या, म्हणजे उपासनेच्या तंबूच्या, दाराशी नको ते चाळे करायची. म्हातारा नुसता 'असं करू नका रे' म्हणत राहिला. घराणं बुडालं. बाप माफी मागायला लागला की पोरगं डोक्यावर बसलंच समजा.

सावेडीकर: एली माफी मागून नाही बुडाला. 1 शमुवेल 3:13 बघा, पोरांना आवरलं नाही हा त्याचा दोष. आणि ती 'पोरं' चांगले बाप्ये होते, याजकपदावर बसलेले. त्यातल्या फिनहासाची तर बायको गरोदर होती. त्यांना पदावरून काढायला हवं होतं, छडीचं वय कधीच सरलं होतं.

वसईवाला: आम्हा कॅथलिकांतही हा वाद झालाय. मारलं तरी तोंडावर कधी मारत नाही, मुलाचा अपमान नको, असं सांगणाऱ्या एका बापाचं पोप फ्रान्सिसनी फेब्रुवारी 2015 मध्ये कौतुक केलं होतं. टीकाही बरीच झाली. मलाही पटलं नव्हतं. पाठीत धपाटा घातला की अपमान होत नाही का? माफीचं मात्र पटतं. 'पोरावर चिडलो' हे आपण पापनिवेदनात फादरांना सांगतो, पोराला सोडून.

दोन पोरांची आई: आमच्या थोरल्याने गणिताचा पेपर गादीखाली लपवला. ह्यांनी फूटपट्टी काढली. पोरगा न जेवता आडवा झाला. रात्री हे त्याच्या उशाशी जाऊन बसले. म्हणाले, "मारायला नको होतं, चुकलं माझं. पण पेपर लपवलास ते चूकच. उद्या बाईंना तूच सांगायचं." सांगितलं त्याने. डोक्यावर वगैरे कोणी बसलं नाही. आणि शलमोनभक्तदादा, छडीची वचनं तुमच्या तोंडपाठ, वळांना तेल लावायला मात्र आम्ही.

शलमोनभक्त: ताई, तुमच्याकडे एकदा घडलं. आमच्या शेजारी एक बाप रोज मारायचा आणि उतरली की पोरांचे पाय धरून रडायचा. पोरं त्या रडण्यालाच जास्त भ्यायची. त्यापेक्षा शांत डोक्याने, कारण सांगून दिलेली एक छडी बरी.

सावेडीकर: शेजाऱ्याचं मान्य. तसली माफी म्हणजे दुसरा मारच. पण पौलाच्या काळी रोमी बापाचा पोरांच्या जिवावरही हक्क होता, तरी तो लगाम बापांनाच घालतो. डोकं खरंच शांत झाल्यावर छडी हातात राहते का हो?

शलमोनभक्त: राहते. आमचे बाबा आधी प्रार्थना करायचे, मग मारायचे.

दोन पोरांची आई: आणि त्या प्रार्थनेत तुम्ही काय मागायचात?

शलमोनभक्त: आमेन लवकर होऊ नये, एवढंच. पण वळण लागलं ना!