कोअर डंपमध्ये दरवेळी स्ट्रिंगच्या डिस्ट्रक्टरमध्येच क्रॅश, पण तिथे चूक दिसत नाही

प्रश्न :
सी++ मधली सर्व्हिस आहे, ६४ बिट लिनक्सवर. दोन-तीन दिवस नीट चालते आणि मग सिग्नल ६ येऊन पडते. शेवटचा मेसेज ‘मनमॅप चंक : इनव्हॅलिड पॉइंटर’ (मनमॅप म्हणजे एममॅपनं थेट सिस्टिमकडून घेतलेली मेमरी परत करणं). कोअर फाइल (पडताना घेतलेली मेमरीची प्रत) जीडीबी या डीबगरमध्ये उघडली. वर अबॉर्ट (प्रोग्राम मध्येच थांबवणारं फंक्शन), त्याखाली फ्री (मेमरी परत करणारं), त्याखाली एका साध्या स्ट्रिंगचा डिस्ट्रक्टर (स्ट्रिंग संपताना चालणारं). एममॅप तर आमच्या कोडमध्ये कुठेच नाही. चार दिवस तोच क्लास वाचतोय. आता कुठे बघू?

उत्तर १ :
कोअर ज्या बायनरीचा आहे तीच उघडलीय ना? बिल्ड-आयडी (प्रत्येक बिल्डची ओळखखूण) जुळवून घ्या. नंतर पुन्हा कंपाइल केलेली असेल तर बॅकट्रेसवर (फंक्शनांच्या या उतरंडीवर) विश्वास ठेवू नका.

उत्तर २ :
तो क्लास वाचणं थांबवा, स्ट्रिंगचा दोष नाही. मीही एकदा असाच आठवडा घालवलाय, म्हणून कळकळीनं सांगतोय. फ्रीला फक्त बिघाड दिसला. तो झाला कधीतरी आधीच.

फ्रीला दिलेल्या पॉइंटरच्या लगेच मागचे ८ बाइट बघा. ग्लिबसी या सी लायब्ररीचा मॅलॉक (मेमरीचे तुकडे देणारं फंक्शन) तिथे तुकड्याची साइज ठेवतो. साइज १६ च्या पटीत असते, म्हणून खालचे तीन बिट खुणांसाठी मोकळे राहतात. हेक्समध्ये (१६ पायाच्या आकड्यांत) ३१, म्हणजे ४९, दिसलं तर ४८ बाइटचा तुकडा, आणि उरलेला १ म्हणजे शेजारचा आधीचा तुकडा वापरात. २ चा बिट लागला की फ्री समजतो, हा तुकडा एममॅपमधून आलाय. तुमचा मेसेज तिथूनच आलाय. ते बाइट एकेक करून इथे टाका.

प्रश्नकर्ता :
बिल्ड-आयडी जुळतो. बाइट हेक्समध्ये असे : ३२ ३० ३२ ३४ २० ...

उत्तर २ :
ही अक्षरं आहेत! आस्कीत (अक्षरांच्या कोडमध्ये) वाचा : ‘२०२४’ आणि मग स्पेस. पहिल्याच ३२ मध्ये, म्हणजे साइजच्या सगळ्यात खालच्या बाइटमध्ये, तो २ चा बिट आहे. मागच्या तुकड्यातला मजकूर सांडून इकडे आलाय. पॉइंटर मागे नेत जा आणि स्ट्रिंग म्हणून छापा.

प्रश्नकर्ता :
सापडलं! मागे आमच्या रिपोर्टचं नाव आहे, त्याला स्प्रिंटएफनं (बफरची लांबी न तपासता मजकूर लिहिणारं फंक्शन) तारीख जोडतो. बफर ४० बाइटचा, आणि हे नावच ४० अक्षरांचं. ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणारं टूल) लावून तेच नाव दिलं, तर पहिल्याच फेरीत स्प्रिंटएफची ओळ दाखवली. लांबीची मर्यादा पाळणारं एसएनप्रिंटएफ घातलंय, बफरही वाढवलाय. सर्व्हिस सुरू केलीय. तीन दिवस उलटले की इथे कळवतो.